जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरच्या चेनची झीज व दुरुस्ती : कन्हान परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नागपूर-जबलपूर महामार्गावरील कन्हान हे पारशिवनी तालुक्यातील गाव आज औद्योगिक व खाणपट्ट्यातील वस्ती म्हणून ओळखले जाते. गावाशेजारून वाहणारी कन्हान नदी पुढे वैनगंगेस मिळते. आसपास गोंडेगाव, कामठी यांसारख्या कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, तर याच महामार्गाने उत्तरेकडे गेल्यास कांद्री व मनसर येथील मँगनीजच्या खाणी लागतात. माती, वाळू, दगड व कोळसा हलविणे हे या परिसरातील एक प्रमुख काम होय आणि त्या कामाचा कणा म्हणजे लोखंडी पट्ट्यावर चालणारे यंत्र. शास्त्रीय ग्रंथांत त्यास क्रॉलर ट्रॅक्टर म्हणतात. पुढे पाते बसविले की ते बुलडोझर होते आणि बोलीत त्याचे नाव केवळ ‘डोझर’ एवढेच उरते.

असे यंत्र जुने झाले की सर्वप्रथम दिसून येते ती त्याच्या चेनची झीज. इंजिन शाबूत आहे, हायड्रॉलिक यंत्रणा चालते आहे. परंतु चेन लांबली, रोलर बसले, स्प्रॉकेटचे दात सुईसारखे झाले, अशी अवस्था वारंवार आढळते. क्रॉलर यंत्राच्या देखभालीवर जो खर्च होतो त्यातील सुमारे निम्मा वाटा एकट्या अंडरकॅरेजचा असतो, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणूनच ‘दुरुस्ती करावी की भंगारात द्यावे’ हा प्रश्न बहुधा चेनपाशी येऊन थांबतो. हा निर्णय चुकला तर लहान कंत्राटदाराचे भांडवल बुडते, चालकाचा रोजगार जातो आणि घाईत केलेल्या दुरुस्तीमुळे कारागिराच्या जिवावरही बेतू शकते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय वरवर पाहता दूरचा वाटेल. तथापि भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, धातुशास्त्र, लेखाशास्त्र आणि भाषा या पाचही विषयांचा येथे संगम झालेला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू चेनची रचना, झिजेची कारणे, मोजमापाची रीत, दुरुस्तीच्या पद्धती व त्यामागील आर्थिक विचार क्रमाने विशद करणे हा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची कल्पना एकोणिसाव्या शतकात अनेकांनी मांडली. परंतु तिला व्यवहारात यश मिळाले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात स्टॉकटन येथे बेंजामिन होल्ट यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये चाकांऐवजी पट्टे लावलेल्या वाफेच्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. तेथील नदीमुखाजवळची जमीन इतकी भुसभुशीत होती की चाकांचे ट्रॅक्टर रुतून बसत. पुढे १९२५ मध्ये होल्ट व बेस्ट या दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी अस्तित्वात आली.

भारतात या यंत्रांचा मोठ्या प्रमाणावर परिचय झाला तो स्वातंत्र्याच्या सुमारास. केंद्र शासनाने १९४७ मध्ये सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही संस्था सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेले अमेरिकन लष्करी ट्रॅक्टर तिने प्रथम वापरात आणले. कांस गवताने व्यापलेली जमीन खोल नांगरून लागवडीखाली आणणे हे तिचे मुख्य कार्य होते. कांसाची मुळे खोलवर जात असल्यामुळे बैलांच्या नांगराने ती निघत नसत. या कामासाठी जड क्रॉलर ट्रॅक्टर घेता यावेत म्हणून जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. तत्कालीन मध्य प्रदेश हे या संस्थेच्या कार्यक्षेत्रांपैकी एक होते आणि १९५६ पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती, ही बाब विदर्भाच्या वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्यानंतरचा टप्पा देशी उत्पादनाचा. १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि जपानच्या कोमात्सु कंपनीच्या तंत्रसहकार्याने कोलार सुवर्णक्षेत्र येथील कारखान्यात डोझर तयार होऊ लागले. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ मध्ये कोल इंडियाची उपकंपनी म्हणून वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडची स्थापना झाली. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. खुल्या खाणींचा विस्तार होत गेला तसतशी डोझरची संख्याही वाढत गेली. मोठ्या उपक्रमांतून निवृत्त झालेली यंत्रे लिलावात विकली जातात आणि ती घेणारा लहान मालक त्यांची दुरुस्ती करून शेत सपाटीकरण, तलावातील गाळ काढणे, रस्त्याचा भराव अशा कामांवर लावतो. जुन्या चेनचा प्रश्न सर्वांत तीव्र असतो तो या दुसऱ्या आयुष्यात.

चेनची रचना व कार्य

क्रॉलर यंत्राचा मूळ गुण म्हणजे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागणे. उदाहरणादाखल २० टन वजनाचे एक यंत्र घेऊ. त्याच्या प्रत्येक पट्ट्याची रुंदी ५६ सेंमी व जमिनीस टेकणारी लांबी २.७ मीटर मानली तर दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्र सुमारे ३०,२४० चौरस सेंमी भरते. म्हणजेच जमिनीवरील दाब प्रति चौरस सेंमी साधारण ०.६६ किलो एवढाच येतो. भरलेल्या ट्रकच्या टायरखालचा दाब याच्या दहापट किंवा त्याहून अधिक असतो. पावसाळ्यात काळ्या कापसाच्या जमिनीत ट्रक रुततो आणि डोझर चालतो, त्याचे कारण हेच होय.

या पट्ट्याचे घटक पुढीलप्रमाणे आहेत.

लिंक : चेनची कडी. डावी व उजवी अशा जोडीने या कड्या बसतात. त्यांच्या वरच्या सपाट कडेवरून रोलर धावतात, म्हणून त्या कडेस रूळ असे म्हणता येईल.

पिन व बुश : दोन कड्यांमधील सांधा. बुश एका कडीत दाबून घट्ट बसविलेला असतो, पिन पुढील कडीत दाबून बसविलेली असते आणि पिन बुशच्या आत फिरते. एका सांध्याच्या मध्यापासून पुढील सांध्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे पिच.

शू : जमिनीस टेकणारी प्लेट. तिच्यावरील उभ्या पट्टीस ग्राऊझर म्हणतात. ही पट्टी जमिनीत रुतून पकड देते.

स्प्रॉकेट : मागील दातेरी चाक. ते बुशला धरून चेन ओढते.

आयडलर : पुढील गुळगुळीत चाक. त्यामागे ग्रीसने भरलेला ताण-सिलिंडर व प्रचंड दाबाखाली बसविलेली स्प्रिंग असते.

रोलर : खालचे रोलर यंत्राचे वजन चेनवर टेकवितात. वरचे रोलर परतणारी चेन उचलून धरतात.

हे सर्व भाग परस्परांवर घासूनच काम करतात. म्हणून यांतील कोणत्याही एका भागाची झीज ही त्या भागापुरती मर्यादित राहत नाही, हे तत्त्व पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया होय.

झीज का होते?

झिजेचे पहिले कारण स्थानिक भूरचनेत आहे. या भागातील कोळसा गोंडवाना संघातील खडकांत सापडतो. कोळशाच्या थरांवर जे वालुकाश्म आढळतात त्यांस भूगर्भशास्त्रात ‘कामठी स्तर’ असे नाव आहे आणि ते नाव कन्हानलगतच्या कामठीवरूनच पडलेले आहे. वालुकाश्मातील व नदीच्या वाळूतील मुख्य खनिज क्वार्ट्झ हे असून मोह्‌सच्या प्रमाणावर त्याचे काठिण्य ७ आहे. विकर्स प्रमाणावर क्वार्ट्झचे काठिण्य १००० च्या वर जाते, तर कठीण केलेल्या बुशच्या पृष्ठभागाचे काठिण्य साधारण ६०० ते ७०० च्या दरम्यान असते. तात्पर्य, नदीकाठची साधी वाळू ही उत्तम पोलादापेक्षाही कठीण आहे. पिन व बुश यांच्यामध्ये ओली वाळू शिरली की ती पॉलिश पेपरचे काम करते. कोरडी वाळू तुलनेने गळून पडते. ओली वाळू चिकटून राहते. त्यामुळे विदर्भातील पावसाळ्याचे चार महिने चेनच्या दृष्टीने अधिक मारक ठरतात.

दुसरे कारण कठीण थराच्या मर्यादेत आहे. बुश व कडीचा रूळ संपूर्ण जाडीभर कठीण केलेला नसतो. पृष्ठभाग कठीण व गाभा चिवट अशी त्याची योजना असते, कारण संपूर्ण कठीण पोलाद धक्क्याने तडकते. कठीण थर संपेपर्यंत झीज संथ असते. तो संपला की ती एकदम वेग घेते. ‘एवढे दिवस चालली, आणखी दोन महिने चालेल’ हा मालकाचा हिशेब येथेच फसतो.

तिसरे कारण ताणाचे. चेन अति घट्ट असल्यास प्रत्येक सांध्यावरील भार विनाकारण वाढतो. अति सैल असल्यास ती रोलरवर आपटते व वळताना उतरते. स्प्रॉकेटमध्ये चिकणमाती दाटून बसली की योग्य ताणलेली चेनही आपोआप घट्ट होते. काम संपल्यावर रोज फावड्याने चेन साफ करणे ही म्हणूनच सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

चौथे कारण चालविण्याच्या पद्धतीत आहे. मागे जाताना बुश स्प्रॉकेटच्या दातावर भाराखाली फिरतो, त्यामुळे पुढे जाण्यापेक्षा मागे जाताना त्याची बाह्य झीज अधिक होते. वेगाने व दूरवर मागे येणे, सतत एकाच बाजूस वळणे, उताराच्या आडव्या दिशेने काम करणे यांचा परिणाम चेनच्या ठराविक बाजूवर उमटतो. तसेच आवश्यकतेपेक्षा रुंद शू बसविल्यास खडकाळ भागात सांध्यांना पीळ बसतो. जमीन पेलेल इतपत अरुंद शू वापरावा, हा नियम त्यामुळेच रूढ झाला आहे.

‘चेन लांबली’ याचा खरा अर्थ

‘चेन ताणली गेली’ असा शब्दप्रयोग सर्रास होतो. वस्तुतः पोलादाच्या कड्या ताणल्या जात नाहीत. पिनची एक बाजू बाहेरून व बुशची एक बाजू आतून झिजते. सांध्यात पोकळी निर्माण होते आणि पिच वाढतो. प्रत्येक सांध्यातील अल्प वाढ संपूर्ण चेनमध्ये मिळून मोठी होते.

समजा नव्या चेनचा पिच २१६ मिमी आहे. चार पिचचे माप ८६४ मिमी येईल. झिजलेल्या चेनवर हेच माप ८७६ मिमी आले तर वाढ १२ मिमी, म्हणजे दर सांध्यास ३ मिमी होय. अशा ४० कड्यांची चेन एकूण १२० मिमी लांबते. ग्रीस भरून ही लांबी आयडलर पुढे सरकवून सामावून घेता येते आणि चेन पुन्हा घट्ट दिसू लागते. परंतु स्प्रॉकेटचे दात मात्र २१६ मिमी पिचसाठीच कापलेले असतात. २१९ मिमी पिचची चेन त्यांवर बसताना बुश दाताच्या बुडाशी न बसता टोकाकडे चढतो आणि दात अणकुचीदार होत जातात. ग्रीस भरण्याने आजार बरा होत नाही, केवळ झाकला जातो.

अनेक यंत्रांच्या स्प्रॉकेटवर दातांची संख्या विषम ठेवलेली असते, त्यामागेही विचार आहे. प्रत्येक बुश एक दात सोडून बसतो व संख्या विषम असल्यामुळे पुढच्या फेऱ्यात सुटलेल्या दाताची पाळी येते. परिणामी झीज सर्व दातांवर समान विभागली जाते.

मोजमाप व नोंद

दुरुस्तीचा निर्णय डोळ्यांनी नव्हे, मापाने घ्यावा लागतो. चेन ताणून (मास्टर पिन वगळून) चार पिचचे अंतर, बुशचा बाहेरील व्यास, कडीची उंची, रोलर व आयडलरचा व्यास आणि ग्राऊझरची उंची ही मुख्य मापे होत. त्यासाठी पोलादी टेप, कॅलिपर व खोली मोजण्याची पट्टी एवढी साधने पुरतात. यंत्राच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्यातील नवे माप व मर्यादेचे माप घेऊन पुढील सूत्र वापरता येते :

झिजेची टक्केवारी = (नवे माप व आजचे माप यांतील फरक ÷ नवे माप व मर्यादा यांतील फरक) × १००

उदाहरणार्थ, कडीची नवी उंची १२० मिमी, मर्यादा ११० मिमी व आजची उंची ११३ मिमी असल्यास झीज ७० टक्के होय. ही झीज १,५०० तासांत झाली असेल तर सरळ हिशेबाने सुमारे ६४० तास शिल्लक राहतात. तथापि कठीण थर संपल्यावर वेग वाढतो हे लक्षात घेऊन त्याही आधी काम हाती घेणे शहाणपणाचे ठरते.

अनेक लहान मालकांकडे यंत्राचे तासमापक बंद पडलेले असते आणि नोंदवही ठेवण्याचा प्रघात नसतो. महिन्यातून एकदा पाच-सहा आकडे लिहून ठेवले तरी वर्षअखेरीस झिजेचा आलेख हाती येतो. वरच्या रोलर व आयडलरमधील चेनचा झोल मोजणे हाही या नोंदीचाच भाग होय. मध्यम यंत्रांत तो साधारण २५ ते ५० मिमीच्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा.

दुरुस्तीच्या पद्धती

१. पिन-बुश फिरविणे : कोरड्या सांध्याच्या जुन्या चेनसाठी ही सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती होय. चेन नेहमी एकाच दिशेने ओढली जात असल्यामुळे पिन व बुश यांची एकच बाजू झिजते. १०० टन वा त्याहून अधिक दाबाच्या हायड्रॉलिक प्रेसवर सांधे मोकळे करून पिन व बुश १८० अंशांनी फिरवून पुन्हा दाबले की न झिजलेल्या बाजू समोरासमोर येतात, पिच जवळजवळ मूळच्या इतका होतो आणि स्प्रॉकेटसमोरही बुशचा ताजा भाग येतो. मात्र याला वेळेची अट आहे. बुशची भिंत पातळ झाली, तीस तडा गेला किंवा कठीण थर संपला असेल तर फिरविण्याचा उपयोग नाही. तसेच वारंवार प्रेस केल्याने कडीचे छिद्र सैल होते. अशा वेळी जाड मापाची पिन वापरणे योग्य; पिनचे टोक कडीस वेल्डिंगने डकविणे हा उपाय तडे निर्माण करतो.

१९७० च्या दशकापासून तेल भरलेल्या बंद सांध्यांची चेन प्रचारात आली. तिच्यात पिन-बुशची आतील झीज अत्यल्प असते. मात्र सील फुटून तेल गेले की तो सांधा कोरड्या सांध्याप्रमाणे झिजू लागतो. अशा चेनमध्ये बुश फिरविताना सील तपासणे व पुन्हा तेल भरणे अनिवार्य होय.

२. कडी, रोलर व आयडलर वेल्डिंगने भरणे : झिजलेल्या रुळावर धातूचा थर चढवून मूळ उंची परत मिळविता येते. मोठ्या कार्यशाळांत यासाठी स्वयंचलित सबमर्ज्ड आर्क पद्धत वापरतात. लहान कार्यशाळांत हाताने रॉड चालविला जातो. रोलरची कड कडीतील पिनच्या उंचवट्यावर घासू लागण्याआधी हे काम झाले पाहिजे. रोलरच्या बाबतीत एक सोपा उपायही आहे. सर्वांत पुढील व सर्वांत मागील रोलर लवकर झिजतात, म्हणून त्यांची मधल्या रोलरशी अदलाबदल करता येते. मात्र एका कडेचा व दोन कडांचा रोलर यांच्या जागा ठरलेल्या असतात, तो क्रम मोडू नये.

३. शूची पट्टी बदलणे : ग्राऊझर अतिशय बुटके झाल्यास त्याची कड सरळ कापून नवी पट्टी वेल्ड करतात. ग्राऊझर संपल्यावरही यंत्र चालवीत राहिल्यास प्लेट वाकते, बोल्ट सैल होतात व बोल्टची छिद्रे लांबट होतात. मग शू वाचविता येत नाही.

४. स्प्रॉकेट : जुन्या यंत्रांत दातेरी कडे कापून नवे वेल्ड करावे लागते, नंतरच्या यंत्रांत बोल्टने बसणारे तुकडे असतात. दातांची एकच बाजू झिजली असेल व रचना जुळत असेल तर डावे-उजवे स्प्रॉकेट आपसांत बदलता येतात. लांबलेल्या चेनवर नवे स्प्रॉकेट बसविणे मात्र पैशाचा अपव्यय होय. पिच जुळत नसल्यामुळे नवे दातही लवकरच जुन्यासारखे होतात. पिन-बुश फिरविणे व स्प्रॉकेट बदलणे ही कामे एकत्र करावीत.

वेल्डिंगमागील धातुशास्त्र

रॉड तोच, कारागीर तोच, तरी एक जोड टिकतो आणि दुसरा तडकतो. याचे उत्तर पोलादाच्या जातीत दडलेले आहे. कड्या, शू व रोलर हे बहुधा मध्यम कार्बनच्या, उष्णोपचार केलेल्या पोलादाचे असतात. थंड जाड धातूवर वेल्ड केल्यास जोडालगतचा भाग झपाट्याने निवतो, ठिसूळ होतो आणि रॉडच्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन त्यात तडे पाडतो. हे तडे कित्येकदा काम झाल्यावर काही तासांनी उघडतात. म्हणून भाग आधी साधारण १५० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत किंवा पोलादाच्या जातीनुसार त्याहून अधिक तापविणे, कमी हायड्रोजनचे रॉड भट्टीत सुकवून वापरणे आणि नंतर कोरड्या वाळूत वा राखेत सावकाश निवू देणे या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या रॉडच्या पुड्याने केलेली भरणी का टिकत नाही, याचे स्पष्टीकरण यात मिळते.

याउलट मँगनीज पोलादाचे आहे. १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी शोधलेल्या या पोलादात साधारण १२ ते १४ टक्के मँगनीज असते. ते मुळात मऊ व चिवट असते, परंतु सतत आघात झाल्यावर त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. खाणीतील मोठ्या शॉव्हेलचे शू व रेल्वेचे क्रॉसिंग यांसाठी ते वापरतात. हे पोलाद तापविल्यास ठिसूळ होते, म्हणून त्यावर थंड ठेवून, थोडेथोडे वेल्ड करावे लागते. म्हणजे एका पोलादाचे औषध ते दुसऱ्याचे विष. दोहोंतील भेद ओळखण्याची सोपी कसोटी चुंबकाची आहे. साधे पोलाद चुंबकास चिकटते, मँगनीज पोलाद सहसा चिकटत नाही. ज्या मनसर-कांद्रीच्या भूमीतून मँगनीज निघते, तिच्या शेजारच्या कार्यशाळेत ही दोन रुपयांच्या चुंबकाची कसोटी वापरली जावी, एवढी अपेक्षा अवाजवी ठरणार नाही.

आर्थिक विचार

दुरुस्तीचा खरा मापदंड एकूण खर्च नसून प्रति तास खर्च हा आहे. केवळ समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. नव्या चेनची किंमत १०० एकक मानू.

पर्याय अ : चेन न फिरविता ३,००० तास चालविली. दर १०० तासांस खर्च ३.३३ एकक.

पर्याय ब : २,५०० तासांवर १५ एकक खर्चून पिन-बुश फिरविले व आणखी १,८०० तास मिळाले. एकूण ११५ एकक व ४,३०० तास. दर १०० तासांस २.६७ एकक. यंत्र बंद राहिल्याचे ६ एकक धरले तरी खर्च २.८१ एवढाच येतो.

पर्याय क : शेवटपर्यंत चालविली, बुश फुटले आणि २० एककांचे स्प्रॉकेटही गेले. एकूण १२० एकक व ३,००० तास. दर १०० तासांस ४ एकक.

ब व क यांतील अंतर कारागिराच्या कौशल्याचे नसून निर्णयाच्या वेळेचे आहे, ही बाब येथे अधोरेखित करावीशी वाटते.

जुन्या यंत्राबाबत आणखी एक कसोटी लावावी लागते. यंत्राचे उर्वरित आयुष्य चेनच्या आयुष्याहून कमी असेल तर नवी चेन घालण्यात अर्थ नाही. भरणी केलेली वा वापरलेली चेन पुरेशी ठरते. उलट इंजिन व गिअर यंत्रणा सुस्थितीत असतील तर केवळ चेनसाठी यंत्र भंगारात देणे हा तोट्याचा व्यवहार होय. सर्व भाग एकाच वेळी संपतील अशा रीतीने दुरुस्तीची आखणी करणे, हेच या व्यवस्थापनाचे सार आहे.

सुरक्षिततेचे प्रश्न

या कामात तीन धोके विशेष गंभीर आहेत. पहिला ताण-सिलिंडरचा. चेन सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एका वेळी थोडाच उघडावा आणि त्यासमोर चेहरा वा हात कधीही नेऊ नये. अतिदाबाने सुटलेली ग्रीसची धार त्वचा भेदून आत शिरते. अशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. दुसरा धोका आयडलरमागील स्प्रिंगचा. ती अनेक टनांच्या दाबाखाली असते. योग्य साचा व प्रेस यांशिवाय तिचे बोल्ट सोडणे प्राणघातक ठरू शकते. तिसरा धोका घणाचा. कठीण पिनवर थेट घण मारल्यास पोलादाचा कपचा गोळीसारखा उडतो व डोळा जातो. प्रेस नसलेल्या ठिकाणी मास्टर पिन काढताना हा प्रकार संभवतो; म्हणून मऊ धातूचा ठोकळा मध्ये धरणे व चष्मा वापरणे अपरिहार्य आहे. चेन उघडण्यापूर्वी यंत्र सपाट जागी उभे करून पाते जमिनीवर टेकविणे, हा पहिला नियम होय.

अध्यापनाच्या दृष्टीने

कन्हान-कामठी परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी खाण, वाहतूक वा कार्यशाळा यांच्याशी संबंध असतो. काठिण्याचे प्रमाण शिकविताना क्वार्ट्झ व बुश यांची तुलना, दाबाचे सूत्र शिकविताना शूच्या क्षेत्राचे गणित, घसारा शिकविताना चेनचा प्रति तास खर्च अशी उदाहरणे दिल्यास पाठ्यपुस्तक व परिसर यांतील अंतर कमी होईल. भाषेच्या अभ्यासकांनाही येथे काम आहे. ‘चेन लांबली’, ‘बुश फिरवले’, ‘रोलर बसला’, ‘रूळ भरला’ ही कारागिरांची भाषा नेमकी, अल्पाक्षरी व अर्थवाही आहे. तिचे कोश झालेले नाहीत. हे ज्ञान प्रामुख्याने तोंडी परंपरेने चालत आले असून ते नोंदविले न गेल्यास ती पिढी निवृत्त होताच लोप पावण्याची भीती आहे.

निष्कर्ष

१. चेनची झीज ही एका भागाची नसून परस्परावलंबी यंत्रणेची झीज आहे. म्हणून तुटक दुरुस्ती बहुधा महाग पडते.

२. स्थानिक वाळू व वालुकाश्मातील क्वार्ट्झ, पावसाळ्यातील ओलावा व कठीण थराची मर्यादा यांमुळे या परिसरात नियमित मोजमापाला विशेष महत्त्व आहे.

३. वेळेत पिन-बुश फिरविणे हा जुन्या कोरड्या चेनचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत किफायतशीर मार्ग होय. वेळ टळल्यावर तो मार्ग बंद होतो.

४. वेल्डिंगपूर्वी पोलादाची जात ओळखणे अत्यावश्यक आहे.

५. महिन्याची एक नोंद, रोजची सफाई आणि चुंबक, टेप व कॅलिपर ही साधने यांच्या आधारे लहान मालकही शास्त्रशुद्ध निर्णय घेऊ शकतो.

कारागिराच्या हाताला मापाची व अध्यापकाच्या मापाला हाताची जोड मिळाल्यास जुने यंत्र अधिक काळ चालेल आणि त्यावर अवलंबून असलेली कुटुंबेही सावरतील. त्यासाठी महाविद्यालयांनी परिसरातील कार्यशाळांकडे अभ्यासाचे क्षेत्र म्हणून पाहणे अगत्याचे आहे.